कोठडीपुढची खुर्ची

धायरी, पुणे
९ डिसेंबर १९९८

थोरल्या जाऊबाई आनंदीबाईंना धाकट्या सोजरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आक्का, आम्ही सगळे खुशाल. वाघोलीच्या थंडीत तुमची कंबर कशी आहे? मी तिसरी शिकलेली, तेव्हा अक्षर लावून लावून वाचा.

नीरजानं, माझ्या नातीनं, मला सहलीला नेलं. खिडकीची जागा माझी! समुद्रात पाय बुडवले, गरम भजी खाल्ली, एका म्हातारीशी भांडले. फार मजा आली. येताना जुना तुरुंग दाखवला, आता त्याचं संग्रहालय केलंय. आत शिरते तर भिंतीवर आपले जयसिंगभाऊजी! बेचाळीसला धरून नेलं ते तिथंच.

खरं लिहू? फोटो बघून पोटात दुखलंच. दर पंधरा ऑगस्टला शाल तुम्हाला, नारळ तुम्हाला, पुढची खुर्ची तुम्हाला. भाऊजी आत होते ती दोन वर्षं दोघा भावांचं शेत माझ्या मालकांनी एकट्यानं ओढलं. त्यांना कधी कुणी नुसतं "बसा" म्हटलं नाही.

नीरजा बोलून गेली, "हे आमच्या घरातले." तिथले साहेब धावत आले. "आजी, हे आपले कोण?"

इथं हात अडतोय. तिकडं शेंगा छान मिळतात, तुमच्यासाठी दोन किलो आणल्यात.

तर आक्का, मी म्हणाले, "आमचे मालक."

नीरजानं चिमटा काढला. मी तिकडं बघितलंच नाही. भाऊजींच्या कोठडीपुढं खुर्ची मांडली, शाल घातली, शाळेच्या पोरी पाया पडल्या. मी अशी ताठ बसले, काय सांगू! साहेबांनी फोटो काढला. म्हणाले, "यांच्या शेजारीच लावतो."

मग एक पोरगी विचारते, "आजी, ते आत होते तेव्हा तुम्ही कशा राहिलात?"

माझ्याकडं काय होतं सांगायला? तुमचंच सांगितलं. ते फरशीवर झोपत असतील म्हणून तुम्ही वाकळ अंथरली नाहीत. आमचे मालक शेतातून आले की मी हातपाय धुवायला पाणी द्यायची, तेव्हा तुम्ही तोंड फिरवायचात. "धूर लागला गं," म्हणायचात. चूल तर विझलेली असायची.

एवढं बोलले आणि खुर्चीवरून उठलेच. आक्का, माझा माणूस तेव्हा रोज संध्याकाळी घरी येत होता.

साहेबांना नीरजाकडून खरं कळवलंय. त्यांना तुमचा फोटो हवाय. श्रीधरला सांगा, चांगलं लुगडं नेसवून काढ आईचा. शाल शेंगांबरोबर धाडते.

तुमचा फोटो पोचला की माझा उतरवणार आहेत. तोवर चार दिवस मला तिथं राहू द्या.

तुमची धाकटी जाऊ,
बजरंगरावांची सोजर