बोटांच्या सोनोग्राफीसाठी पोट उपाशी ठेवावे लागते, त्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय : अर्जदाराच्या हातांची सोनोग्राफी पुन्हा व हलक्या हाताने होण्याबाबत, आणि ‘सूज नाही’ हा अहवाल रद्द होण्याबाबत.

संदर्भ : ‘अहवाल चांगला आलेला असल्याने तक्रार उरत नाही’ हे आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

अर्जदार रुग्णालयासमोरच्या गल्लीत केस कापण्याचे व दाढीचे दुकान चालवतो. आपल्या कार्यालयातील बऱ्याच माना त्याच्या हाताखालून गेल्या आहेत, एकदा आपलीही गेली आहे. तेव्हा हात कसा होता हे वेगळे सांगावयास नको. आता कसा आहे, एवढेच सांगणे आहे.

१. गेल्या वर्षापासून सकाळी अर्जदाराची बोटे लाकडासारखी ताठ असतात. मूठ वळत नाही. दुकानाचे शटर पत्नी वर करते, पाणी कोमट करून त्यात त्याचे हात बुडवते, मग कुठे कैची धरवते. रोजचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर. खुर्चीत बसताना ते म्हणत, “आज मान तुझ्या हातात नाही रे, देवाच्या हातात.” दोघे हसत. एके दिवशी वस्तरा कानाखाली घसरला. मास्तरांनी कापूस दाबून धरला आणि ते काही बोलले नाहीत. ते न बोलणे अर्जदाराला जास्त लागले. त्या दिवशी त्याने वस्तरा पुसून ठेवला तो ठेवलाच.

२. आपल्याकडील सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी हात पाहून सांगितले की रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही, पण सांध्याच्या अस्तराला दाह असावा. तो सोनोग्राफीत लाल रंगाने दिसतो. दिसला तर रोग थोपवणारे औषध मंजूर होते. न दिसल्यास नुसत्या दुखण्याच्या गोळ्या. बाईंचे शब्द असे : “उशीर नको. एकदा हाड कुरतडलं की ते परत येत नाही.” इतका पूर्वरंग झाला. आता मूळ तक्रार.

३. सोनोग्राफीच्या दाराशी पाटी आहे, ‘उपाशीपोटी व लघवी रोखून यावे’. पहिल्या खेपेस अर्जदार चहा घेऊन गेला म्हणून परत पाठवला गेला. तपासणी बोटांची आहे, असे त्याने दोन्ही हात पुढे करून सांगितले. दारावरचे मामा म्हणाले, पाटीवर बोटांना सूट लिहिलेली नाही. दुसऱ्या खेपेस तो उपाशी गेला, पण लघवी पुरेशी साठली नाही असे ठरले. दोन तळव्यांत पेला धरून तो पाणी पीत बसला. अखेर रोखणे अशक्य झाल्यावर मोरीकडे गेला. तिथे पँटचे बटण या बोटांना सुटेना, आणि सुटले ते पुन्हा लागेना. पत्नीला आत बोलावण्याची सोय नव्हती. बाहेर येईतो त्याचा नंबर पुकारून गेला होता. गैरहजर असा शेरा पडला.

४. तिसऱ्या खेपेस सर्व काही पाटीबरहुकूम होते. अर्जदारास टेबलावर आडवे करून पोटावर थंडगार जेल लावण्यात आले, श्वास रोखावयास सांगण्यात आले, आणि त्याने तो निमूटपणे रोखला. अहवालात यकृत, पित्ताशय व मूत्रपिंडे सुस्थितीत असल्याचे नमूद आहे. देवाची कृपा, त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. पण बाईंनी तो वाचून कपाळाला हात लावला.

५. बाईंनी ‘दोन्ही हातांची बोटे व मनगटे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढून दिल्या. चौथ्या खेपेस तंत्रज्ञांनी हातच तपासले. परंतु रोज पोटे तपासणारा माणूस. मशीनचे टोक त्यांनी सवयीने पोटावर दाबतात तसे मनगटावर दाबले. अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. पडद्यावर लाल काही आले नाही. ‘सूज नाही’ असा अहवाल मिळाला.

६. त्यावर बाई आपले जेवण सोडून स्वतः वर सोनोग्राफीच्या खोलीत आल्या. त्यांनी भरपूर जेल घेतले आणि मशीनचे टोक त्याच मनगटावर हळूच ठेवले. राख फुंकल्यावर निखारा दिसावा तसा पडद्यावर लाल रंग उजळला. बाई म्हणाल्या, “दाबलं की रंग पळतो. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं.” तंत्रज्ञ पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “आम्हाला हे कुणी दाखवलंच नव्हतं, बाई.” भला माणूस आहे. त्यांच्यावर कारवाई व्हावी अशी अर्जदाराची इच्छा नाही, हे कृपया ठळक अक्षरांत लिहिले आहे असे समजावे.

७. तथापि आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की, बाईंचे नाव त्या मशीनच्या परवान्यावर नसल्याने त्यांनी पाहिलेले पाहिले असे धरता येत नाही. अहवाल एकदा नोंदला गेला आहे. आणि तीच तपासणी सहा महिने पुन्हा करता येत नाही. म्हणजे जो दाह तिघांनी डोळ्यांनी पाहिला तो सहा महिने नाही. महोदय, तो आहे. रोज सकाळी अर्जदाराआधी उठतो.

८. सबब हात जोडून विनंती (हात पुरते जुळत नाहीत, भाव समजून घ्यावा) की, चुकीचा अहवाल रद्द करावा, बाईंनी तंत्रज्ञांना एकदा शेजारी उभे राहून दाखवावे, आणि अर्जदारास सहा महिन्यांऐवजी याच आठवड्यात बोलवावे. पाटी आहे तशी राहू द्यावी. अर्जदार उपाशी येईल, पाणी पिऊन येईल, श्वासही रोखील. फक्त हात हलका धरावा.

आपल्या दारी उभा, नम्र,
अर्जदार
(सही डाव्या हाताने केली आहे, तो त्यातल्या त्यात बरा आहे.)
दिनांक : १४ मार्च

सोबत : १) डॉक्टरबाईंची चिठ्ठी, दोन रेघांसह. २) हातांचा अहवाल, रद्द करण्यासाठी. ३) पोटाचा अहवाल. हा परत न मिळाला तरी चालेल.

लेखनिकाची टीप : मजकूर अर्जदाराने सांगितला, मी लिहिला. कानाखाली कापलेला मास्तर तो मीच. साहेबांपुढे वाढल्या दाढीने जाऊ नये असे अर्जदाराच्या पत्नीने बजावल्यामुळे आज त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून त्याची दाढी मी केली. दोन ठिकाणी कापले आहे. तो कुरकुरला नाही. डोळे मिटून इतकेच म्हणाला, “मास्तर, दाबू नका. नुसता टेकवा.”