तोंडाचा वास

नालवाडी, वर्धा
ऑगस्ट १९९९

वैजयंता मॅडमले, जय भीम.

तुमच्यावर माहा भरोसा नाई, हे आधीच सांगून ठेवतो.

दवाखान्यातले म्हणत, आधी दारू सोड, मंग डोक्याच्या गोळ्या देऊ. दारू सोडवणारे म्हणत, आधी डोकं नीट करून ये. तुमी समाजसेवेवाल्या, एकट्याच घरी येऊन म्हणाल्या, "सुगतभाऊ, दोन्ही संगच पाहू." मले तवाच शक आला.

मी घरात पाय ठेवला का बायको माया तोंडाचा वास घेते. भाऊ घेते, शेजारी घेते. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून पोलीसही फटफटीवरून उतरून घेते. तुमी मातर कधीच घेत नाई. मांगच्या खेपेले मी पेऊन होतो, तरी तुमी जवळ बसल्या, भिंतीतले आवाज आता काय म्हणतेत ते विचारलं, अन् चहा पेऊन गेल्या. वास न घेता तुमाले समजते कसं? कोण सांगते? बायको, का भिंतीतले?

भिंतीतले म्हणतेत, ही बाई पोलिसाची हाय. मी म्हणतो, थांबा, पाहून राह्यलो.

हे पत्र टाकत नाई. पोस्टमन फोडून वाचते.

या हप्त्यात मी पेलो नाई. गोळ्या घेतल्या. काल बायकोले वास आला नाई, तर म्हणे लवंग खाल्ली असन. भाऊ हासला.

बुधवारी येजा, मॅडम. अन् या खेपेले, एकदा तरी, माया तोंडाचा वास घेजा.

तुमच्यावर नजर ठेवून असलेला,
सुगत