मोटीबेनचं पत्र आणि रेवती टाइल्स

भवानीपूर, कलकत्ता
४ फेब्रुवारी १९९४

ती. मोटीबेन,
शि. सा. न. वि. वि. आपल्या बाला आणि जिजाजींना पायलागणं, जय श्रीकृष्ण.

तुझं पत्र पोचलं आणि इथे दिवाळी झाली. थट्टा नाही. तू सहज लिहून गेलीस की रेवती टाइल्सच्या फाटकाला नवा रंग लागलाय, आवारात हा मोठा मांडव पडलाय आणि परदेशी पाहुण्यांच्या गाड्या उभ्या आहेत. दलालाच्या पेढीवर आम्ही गावाकडची पत्रं एकमेकांना वाचून दाखवतो, हे तुला ठाऊकच आहे. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, सगळं सगळ्यांचं. तेवढं वाक्य वाचलं मात्र, सगळे चहा प्यायचे थांबले. मनुभाई दलाल म्हणाला की परदेशी पार्टी कारखाना घेतेय, दुसरा अर्थच नाही. चार रुपयांच्या त्या शेअरला कुत्रं विचारत नव्हतं. काल फळ्यावर सतरा लिहिलं!

मोरबीची पक्की खबर म्हणून अख्खी गल्ली घेत सुटली आहे. मला पाढे शिकवणारे छबीलमास्तर आठवतात ना? त्यांनीही निवृत्तीचे पैसे घातले. आणि मी दुकानाचा गाळा घ्यायला जमवलेली सगळी रक्कम लावली. गाळ्याच्या मालकाने मार्चअखेरची मुदत दिली आहे, त्यानंतर तो दुसऱ्याला विकणार. माझ्याकडे निम्मेच पैसे होते. आता गाळा माझा होणार, बघच तू. तुझ्या भावजयीला, तरलाला, अजून सांगितलेलं नाही, तूही कळवू नकोस.

धुराड्यातून धूर येतो का, पाहुणे किती दिवस राहिले, सगळं बारीकसारीक लिही. लोभ आहे तो वाढव, म्हणजे झालं.

तुझा कनक

*

मोरबी
१० फेब्रुवारी

चि. कनक यास अनेक उत्तम आशीर्वाद. बाचे गुडघे सोडले तर इकडे सर्व खुशाल.

अरे गाढवा, तो मांडव शेठच्या मुलीच्या लग्नाचा होता! परदेशी पाहुणे म्हणजे नैरोबीचे व्याही. दुसऱ्या पानावर जेवणात काय काय होतं ते मी सगळं लिहिलं होतं. ते वाचलंस तरी का, की पहिल्या पानावरच उधळलास?

भट्टी दिवाळीपासून थंड आहे. शेजारची जीवी तिथे कौलं रचायला जायची, ती तेव्हापासून घरी बसून आहे. काल मुद्दाम तिला घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. रखवालदार म्हणाला की रंगसुद्धा लग्नापुरता फक्त पुढच्या बाजूला लावलाय, मागे भिंत पडायला आली आहे.

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मी काय लिहिलं आणि तुम्ही काय करून बसलात! मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवली, त्यांच्या म्हातारपणाचे पैसे माझ्या एका वाक्यावर जावेत? माझं पहिलं पत्र वाचलंस तसंच हेही वाच. सगळ्यांसमोर, पहिल्या ओळीपासून, गाढवासकट. मास्तरांना आधी मोकळं कर, मग तू.

रागावले आहे, पण तुझ्यावरची माया काही आटलेली नाही.

मुक्ताबेन

*

कलकत्ता
१७ फेब्रुवारी

ती. मोटीबेन, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून ते खिशातच आहे.

काल भाव एकेचाळीस झाला. तुला खोटं वाटेल, पण मी पत्र वाचायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फळ्यावर आकडा वाढला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मनुभाईने माझ्या पाठीवर थाप मारली. माझं तोंड मिटलं ते मिटलंच. आज वाचलं तर उद्या भाव जमिनीवर येईल आणि गाळा गेलाच म्हणून समज. म्हणून असं ठरवलंय की अठ्ठावीस तारखेच्या सोमवारी बाजार उघडल्याबरोबर माझे शेअर विकायचे आणि दुपारी सगळ्यांना पत्र वाचून दाखवायचं. एका सकाळचाच काय तो फरक. माझं एवढं चुकतंय का गं?

मास्तर रोज विचारतात की बहिणीचं पत्र आलं का. मी नाही म्हणून सांगतो. काल त्यांनी उरलेसुरले पैसेही घातले. मी शेजारीच बसलो होतो.

एक विनंती. यावर लिहिशील तर बंद पाकिटात लिही. पोस्टमन सगळी डाक पेढीवर टाकतो आणि कार्ड असलं की हातात येईल तो वाचतो. एवढा सोमवार माझ्यासाठी गप्प राहा. भावावरचा लोभ कमी करू नकोस.

कनक

*

मोरबी
२२ फेब्रुवारी
(साधं पोस्टकार्ड, पत्ता: श्री. छबीलमास्तर, मनुभाई दलाल यांची पेढी, भवानीपूर)

आदरणीय मास्तर, सा. न. वि. वि.

मी कनकची मोठी बहीण. रेवती टाइल्सची भट्टी दिवाळीपासून बंद आहे. मी लिहिला तो मांडव लग्नाचा होता, कारखाना कुणीही घेत नाही. कृपा करून सोमवारी पहिल्याप्रथम तुमचे पैसे सोडवून घ्या आणि पेढीवर सगळ्यांना सांगा. कनकला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याला बोल लावू नका.

आपला आशीर्वाद आम्हा भावंडांवर राहू द्यावा.

मुक्ता

*

कलकत्ता
२ मार्च

ती. मोटीबेन, शि. सा. न. वि. वि.

शनिवारी बाजार बंद होता, पण पेढीवर गप्पांना सगळे जमले होते. पोस्टमनने कार्ड माझ्याच हातात ठेवलं. तुझं अक्षर लगेच ओळखलं. ते खिशात घालता आलं असतं, कुणी पाहिलं नव्हतं. पण मास्तर उठून जवळ आले आणि बहिणीचंच ना, म्हणून विचारलं. मी मोठ्याने वाचायला लागलो.

कनकला काहीच ठाऊक नाही, या ओळीपाशी आलो आणि तीही वाचली. मास्तरांनी माझा हात धरला. म्हणाले की या बिचाऱ्याचाही गाळा बुडणार. मोटीबेन, त्यांनी हात धरला नसता तर मी गप्प राहिलो असतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी सांगून टाकलं की मला अकरा दिवसांपासून सगळं ठाऊक आहे, पत्र खिशात आहे. आणि ते काढून वाचलं, गाढवासकट.

कुणी शिवी दिली नाही. मास्तरांनी फक्त हात सोडला.

सोमवारी ते त्रेचाळीसला विकून सुटले, बाकीचे तिशीत. ज्यांनी घेतले त्यांची बहीण मोरबीत नसेल, एवढंच. मी सगळ्यांच्या शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं. आज फळ्यावर सहा आहे. गाळ्याच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. तरलाला सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही, आज पानात वाढताना पोळीवर तूप घातलं.

आता पेढीवर मी आत आलो की लोक वाचत असलेली पत्रं घडी करून खिशात ठेवतात. तू मात्र लिहीत जा. लग्नं, बाळंतपणं, जेवणात काय होतं, सगळं लिही. मी घरी बसून शेवटच्या पानापर्यंत वाचेन. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा कनक