कानबाईच्या आत सुंदराच्या पुढे

९ जून, सोमवार
आजपासून ब्लॉग. नाव ‘घंटेनंतर’. पहिला लेख भुसावळच्या कॉन्व्हेंटमधल्या माझ्या सिस्टर बर्नाडेटवर. आठवीत त्यांनी माझा निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यानंतर माझं लिहिलेलं कुणी वाचल्याचं आठवत नाही. लिहिताना डोळे भरून आले. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, छानच असणार, चष्मा सापडला की वाचतो. चष्मा कपाळावर होता.

१० जून
भेटी अकरा. सुरुवात उत्तम. त्यातल्या नऊ माझ्या, पण लेख नीट दिसतो की नाही ते कुणीतरी पाहायलाच हवं.

१४ जून
इथे सुरतेतच, लिंबायतला धाकट्या जावेकडे गेले. गल्लीत गाय आडवी उभी. एक्सक्यूज मी म्हटलं. सवय. वाट अडली तरी आवाज चढवायचा नाही, ही सिस्टरांची शिकवण. गाय बाजूला झालीही. सुंदरा ओट्यावर चार बायकांबरोबर साड्यांना स्टोन चिकटवत बसली होती. ती हसायला लागली ती थांबेच ना.
तिला माझ्या ब्लॉगचं सांगितलं. म्हणाली, अक्का, माझाही आहे की. हात गोंदाने भरलेले असतात, म्हणून ही मोबाइलशी अहिराणीत बोलते आणि मोबाइल लिहून घेतो. रोजच्या भेटी दोन हजार.
पाचवीत शाळा सोडलेली बाई. मी मनापासून अभिनंदन केलं. घरी येऊन डोकं धरून पडले. ऊन फार होतं.

१५ जून
संकल्प. यंदा आमची खानदेशी कानबाई देवी सुंदराकडे बसणार, ३ ऑगस्टला. सगळी भाऊबंदकी तिथे जमेल. त्याच्या आत मी तिच्या पुढे गेलेली असेन. रोज एक लेख. सुंदराचं पान उघडायचं नाही.

१५ जून, संध्याकाळ
उघडलं. केवळ तुलनेसाठी.

२१ जून
तिच्या यशाचं रहस्य कळलं. ‘मडम’ नावाचं एक पात्र आहे. ही बाई लग्नाच्या पंगतीत पर्समधून स्वतःचा काटा काढून वांग्याची भाजी खाते. लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ती परत पाठवते. रस्त्यातल्या गाईला एक्सक्यूज मी म्हणते.
गाय माझी उचलली आहे, हे उघड आहे. बाकी सगळी हुबेहूब आमच्या मजल्यावरच्या दिपालीची सासू. पर्समध्ये काटा ठेवण्यात हसण्यासारखं काही नाही, माझ्याही असतो. पण ती मडम तो मिरवते. असल्या बायका असतात.
चारदा वाचलं. हसू आलं नाही. एकदाच आलं, पत्रिकेच्या जागी.

२८ जून
रोज एक लेख जमला नाही. शेजारी फरशी कापतात, त्या आवाजात बालपण आठवत नाही. शिवाय सिस्टरांवर घाईत लिहिणं मला पाप वाटतं. एकूण लेख दीड.
नेटवर सल्ला वाचला: लोक जे शोधतात ते शब्द शीर्षकात घाला. घातले. ‘सिस्टर बर्नाडेट आणि सुरती लोचो: सोपी कृती.’ भेटी एकदम चाळीस. एकाने विचारलं, कृती कुठे आहे. मी उत्तर दिलं, ती अंतःकरणात असते. तो परत आला नाही.

१२ जुलै
भेटी चारशे. शाळेच्या गुलमोहरावरचा लेख. मला वाटलंच होतं, गुलमोहर पोचणार.
अभिप्रायसुद्धा आले. सगळे मला आदराने मडम म्हणतात. एकीने विचारलं, मडम, काटा स्टीलचा का चांदीचा? दुसरीने विचारलं, गाय पुढे काय म्हणाली? वाचकांना लेखिकेच्या खासगी आयुष्याचं कुतूहल असतंच. लगेच टेबल मॅनर्सवर लेख लिहिला.
हे म्हणाले, अगं, सुंदराने तिच्या पानावर तुझी लिंक दिलीय. पाहिलं, खरंच दिली होती. बिचारी. आपल्या पानाला वजन यावं म्हणून चांगल्या लेखिकेचं नाव जोडायची धडपड. मी मनात क्षमा केली. तिला कळवलं नाही.

२५ जुलै
मी नऊशे. सुंदरा पाच हजार. मी तिचं पान दिवसातून वीसदा उघडते, म्हणजे त्यातल्या वीस माझ्याच. वजा करून पाहिल्या. विशेष फरक पडत नाही.
हे विचारत होते, सारखा मोबाइल कशाला बघतेस. भजनं ऐकते म्हटलं.

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाईचं विसर्जन झालं. कालचं लिहिते.
जावांनी मिळून प्रसादाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, केले. रोट भाऊबंदकीनेच खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही, आणि घरच्याला सुटका नाही. मी छोटं भाषण तयार ठेवलं होतं, ‘माझा लेखनप्रवास’. दर्शनाला पार नवागामपासून बायका आलेल्या. एक म्हणाली, ह्याच शेतस का त्या मडम? सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी नम्रपणे हात जोडले. इतक्या वर्षांनी वर्गात पुन्हा कुणी माझा निबंध वाचत होतं.
मग ताट आलं. बायकांनी मोबाइल काढले. कुणीच माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळ्या पर्सकडे बघत होत्या.
तेव्हा कळलं. गाय, काटा, लाल पेन, सगळं. दिपालीच्या सासूची मनोमन माफी मागितली.
सुंदरा कानाशी येऊन म्हणाली, अक्का, काढा ना, लांबून आल्यात हो बिचाऱ्या.
मी बाह्या सारल्या. रोट खिरीत कुस्करला आणि हाताने खाल्ला, ओघळ कोपरापर्यंत. गंगाफळाची भाजी बोटांनी पुसून घेतली. सिस्टरांनी पाहिलं असतं तर आठवडाभर बोलल्या नसत्या.
बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, ह्या त्या नव्हेत, सुंदराने कुणालाही आणून बसवलंय. मोबाइल आत गेले. भाषण पर्समध्येच राहिलं, काट्याशेजारी.
विजय माझाच.

९ ऑगस्ट
भेटी सात. एक अभिप्राय: खोट्या मडम.
सुंदराने त्या दिवसापासून काही लिहिलेलं नाही. तिच्याही भेटी उतरल्या. मी हेच मागत होते. फोन आला होता तिचा, अक्का, रागावलात का? मी म्हटलं, छे, मी कशाला रागावू. तिच्याकडे स्टोनचे डबे वाजत होते.

१३ ऑगस्ट
सिस्टरांवर नवा लेख. आजवरचा सर्वोत्तम. भेटी शून्य. नेट गेलं असावं.

१७ ऑगस्ट, रविवार
नेट गेलेलं नव्हतं. भेटी दोन. एक मी. दुसरीही मीच, ह्यांच्या मोबाइलवरून.
दुपारी सुंदराला सहज फोन केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर सहजच सांगितलं, आज लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा कुत्रा भेटला, मी त्याला गुड आफ्टरनून म्हटलं आणि आधी त्याला उतरू दिलं.
पलीकडे स्टोनचे डबे वाजायचे थांबले. सुंदरा नुसतं हं म्हणाली.
मी म्हटलं, हात गोंदाचे असतील तुझे. मोबाइल जवळ घे. परत सांगते, सावकाश.