फ्रँकफर्टला खुर्ची नको

मांजर्ली, बदलापूर (प.)
११ जानेवारी २०२६

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

आज सकाळी आंघोळ करून नेहमीसारखा वंदनेला बसलो. आई शेजारी होती. मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, त्रिशरण झालं, पंचशील सुरू केलं आणि चौथ्या शीलाशी माझा आवाज अडला. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढंच तर म्हणायचं असतं. आईनं ते एकटीनं म्हणून पुरं केलं. मग म्हणाली, घसा धरलाय वाटतं, मीठ टाकून गुळण्या कर. मी गुळण्या केल्या. पण घसा चांगला आहे, प्रीती.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू एक हुंदका दिलास की मी सगळ्याला हो म्हणतो, आणि आई चार हातांवर बसलेली असते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. तूही तसंच उत्तर लिही. डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय, तर तेवढाच वेळ जाईल.

झालं ते असं. मुंबईहून थेट टोरांटोला जाणारं, पुढं तुझ्या कॅलगरीला जोडून देणारं विमान कंपनीनं काढून घेतल्याचं तू कळवलंस, तेव्हा मी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रावरची सकाळपाळी संपवून उल्हासनगरला अर्जनशेठच्या तिकिटांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, ही कंपनीवाली मंडळी विमानं आता जिकडं जास्त कमाई तिकडं वळवतात, आपण रुसून काय होणार. त्यांनी आईचं कॅलगरीचं तिकीट फ्रँकफर्टमार्गे काढलं. तिथं विमान बदलायचं. आणि बोलता बोलता त्यांनी संगणकात आणखी काहीतरी भरलं. विचारलं तर म्हणाले, व्हीलचेअर.

माझी आई चालते, असं मी म्हणालो. शेठ हसले. म्हणाले, सगळ्यांच्याच मम्मी चालतात, साईं. इंग्रजी येत नाही ना? मग खुर्चीत बसवायचं. ढकलणारा माणूस एका विमानातून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत सोडतो, एक पैसा घेत नाही. कुणी विचारलंच तर गुडघ्यावर हात ठेवायचा, बस.

मी गप्प राहिलो. खरं सांगतो, बाहेर पडताना हलकंही वाटलं. आई हरवणार नाही, तुझ्यापाशी पोचेल, दुसरं काय हवं? पण आपली आई म्हणजे दिवाळीनंतर गावी जाऊन भात झोडून आलेली बाई. बिल्डिंगची लिफ्ट बंद होती तेव्हा चार मजले चढून वरून तुझ्या वहिनीला हाका मारत होती, पोरी, दमलीस का गं म्हणून. तिनं गुडघ्यावर हात ठेवायचा?

तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुझं मत कळव. स्वतःला जप. आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
राजेंद्रदादा

*

कॅलगरी
१४ जानेवारी

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं अक्षर अजून आपल्या शाळेच्या फळ्यावरचंच आहे, खडूची धूळ तेवढी उडाली नाही. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा मात्र घाबरले, कारण तुझ्या घशाची मला खात्री नाही. तो ऐन विमानतळावर मोकळा व्हायचा.

दादा, मी इथल्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरला काम करते, म्हणून ऐक. तुला वाटतं विमान म्हणजे एसटी, चुकलं तर कंडक्टरला विचारता येईल. तसं राहिलेलं नाही. आमच्या कंपनीनं काही विमानांत खुर्च्यांची आणखी एक रांग बसवली होती. लोकांचे गुडघे पुढच्या खुर्चीत रुतायला लागले, पाठी मागं झुकेनात. शेवटी आरडाओरडा झाला, तेव्हा आता ती रांग पुन्हा काढताहेत. पुढं पडद्याआड मात्र रुंद खुर्च्या, हव्या तेवढ्या झुकणाऱ्या, जो जास्त मोजेल त्याला. बऱ्याच विमानांतले समोरचे टीव्हीही गेले, सिनेमा आपल्याच मोबाइलवर बघायचा. चहा घ्यायचा तर कार्ड काढा, नोट कुणी घेत नाही. स्वस्त तिकिटात वर ठेवायची बॅगसुद्धा बसत नाही. आईचं तिकीट तसलं नाही, लांबच्या विमानात जेवणही मिळेल, ती काळजी नको.

काळजी वेगळी आहे. जिथं पूर्वी माणसं उभी असायची तिथं आता यंत्रं आहेत. माझ्याच काउंटरवरच्या दोन मैत्रिणी यंत्र आल्यावर घरी बसल्या. आई चुकली तर विचारणार कुणाला, काचेच्या पाटीला? मराठीतून? खुर्ची असली की निदान मागं एक जिवंत माणूस असतो.

म्हणून आईला सांगू नकोस. मुंबईला दारातच खुर्ची येऊन उभी राहील, आणि चारचौघांत ती भांडणार नाही. पाप लागलं तर माझ्या नावावर टाक. तू तुझी शीलं सांभाळ.

गेल्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे. या वेळी हे बाळ मला हातात हवं आहे. राजरत्न तिकडं उत्तरेला तेलाच्या खाणीवर, एकदा गेला की तीन-तीन आठवडे घरी नाही. मला दारात आई हवी आहे, दादा. कशीही येऊ दे.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी,
प्रीती

*

मांजर्ली
२२ जानेवारी

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम.

आईला कळलं. मी सांगितलं नाही.

रविवारी विहारात विठ्ठलवाडीच्या द्रौपदीमावशी आल्या होत्या. लेकीकडं न्यू जर्सीला राहून परवाच परतल्या. सगळ्या बायकांना गोळा करून खुर्चीचं वर्णन चाललं होतं. म्हणे, नवरीसारखं नेलं मला, अख्खी लाइन बाजूला! साहेब लोक उभे आणि मी बसलेली! मग गुडघ्यावर हात ठेवून कशी विव्हळले तेही करून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. आईही हसली. इतक्यात मावशी म्हणाल्या, जना, तुझ्या राजूनं पण खुर्ची सांगितली असंलच की. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी बुद्धमूर्तीकडं.

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि मग विचारलं, राजा, माझं पाय कुणाला दिलंस रं? मी तुझा सगळा युक्तिवाद तिच्यापुढं मांडला, यंत्रांचा, पाट्यांचा. तिनं शांतपणे ऐकून घेतला. म्हणाली, प्रीतीचं बरोबर आहे, भीती वाटणारच. पण रोज सकाळी बुद्धासमोर हात जोडून जे म्हणते, ते विमानात बसल्यावर लागू नाही का? आणि ज्याला खरंच पाय नाहीत त्यानं कशावर बसायचं? नातवाच्या घरात पहिलं पाऊल टाकायचं, ते खोट्यानं टाकणार नाही. चालत जाईन, नाहीतर जाणार नाही.

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळानं तिथूनच विचारलं, त्या फ्रँकफर्टात वळणं किती? जशी काही रानातली वाट आहे.

म्हणून आमची शाळा सुरू झाली आहे. बदलापूर स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर पहिल्या दिवशी तिनं पाय ठेवला आणि उचलला, ठेवला आणि उचलला. मागं गर्दी तुंबली. एक पोरगी म्हणाली, आजी, चढा ना यार! आई तिला म्हणाली, तुझ्या आजीला आणून दाखव चढवून. आणि त्या रागातच चढली. वर पोचल्यावर हात काय हलवते, जणू निवडणूक जिंकली. आता कल्याणच्या मॉलमध्ये सराव करतो. मी वरच्या मजल्यावर थांबतो, तिनं दुकानावरचं अक्षर आणि आकडा बघून मला शोधायचं. इंग्रजी अक्षरं तिनं स्वतःच्या पद्धतीनं बसवली आहेत. बी म्हणजे काठीला दोन पोटं, झेड म्हणजे मोडलेली खाट. दोनदा चुकली. दोन्ही वेळा सुरक्षारक्षकाला मराठीत दरडावून वाट विचारून आली. तो बिहारचा होता.

अर्जनशेठना खुर्ची काढायला सांगितलं. त्यांनी मला हात जोडले, म्हणाले, पुण्य कमवायची ही कसली जागा. मग म्हणाले, काढली.

तुला वाटेल दादा फार धीट झाला. तसं नाही. आई धीट आहे. ती मॉलमध्ये नजरेआड होते तेव्हा अजून माझे तळहात भिजतात.

ता. क. आई विचारते, विमानात मांडी घालून बसता येतं का.

तुझा,
दादा

*

कॅलगरी
२८ जानेवारी

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

चार दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही. रागावले होते, तुझ्यावर आणि द्रौपदीमावशींवर. त्यांना सांग, नवरीची वरात पुढच्या वेळी जरा हळू आवाजात काढा.

मग पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं एक विमान उतरलं, आपल्याकडच्या माणसांनी भरलेलं. खुर्च्यांची रांगच रांग लागली. बॅगा यायच्या पट्ट्याशी पोचल्यावर त्यातले बरेच जण टुणकन उठले आणि स्वतःच्या बॅगा ओढत निघून गेले. आमचे लोक याला चमत्कार म्हणतात, आणि हसतात. मीही हसले. त्याच वेळी माझ्या काउंटरपाशी एक शेतकरी म्हातारा होता, एक पाय मांडीपासून नव्हता. त्याच्यासाठी खुर्ची उरली नव्हती. तो आपल्या पेटीवर बसून राहिला आणि त्याचं पुढचं विमान निघून गेलं. मी त्याला पाणी दिलं, दुसरं काही हातात नव्हतं. आई जे म्हणाली ना, खरंच पाय नाहीत त्यानं कशावर बसायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आपल्या आईची वेळ आली तेव्हा मला तो म्हातारा आठवलाही नाही.

तरीही, दादा, खुर्ची काढलीस ते बरं केलंस, असं इथं पडून मला लिहवत नाही. हात लिहीतच नाही. त्या दिवशी विमानतळावर तू असशील, तिचे डोळे तू बघशील. खुर्ची ऐन वेळीही मागता येते, तेव्हा जे वाटेल ते कर. काहीही झालं तरी मी तुला बोल लावणार नाही, हे लिहून देते.

तिला सांग, दारांचे नंबर ऐन वेळी बदलतात. तेव्हा दारावर भरवसा ठेवायचा नाही, आपल्या विमानाचा नंबर पाटीवर शोधायचा. काउंटरवर सरळ सांगायचं की इंग्रजी येत नाही. कुणी चांगलं भेटलं तर विमानातल्या मुलींना कळवतं, पण नियम म्हणून नाही. आणि मांडी? त्या खुर्चीत तुला तरी जमणार नाही. आईचं सांगता येत नाही.

बाळ काल खूप हललं. आजीची शाळा त्याच्याही कानावर गेली असावी.

तुझी,
प्रीती

*

मांजर्ली
१६ फेब्रुवारी

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

आईचा फ्रँकफर्टहून फोन तुलाही आलाच असेल. आमच्याकडं आला तेव्हा तुझी वहिनी भाकरी थापत होती, पिठाच्या हातानंच तिनं मोबाइल उचलला. दार ऐन वेळी बदललं होतं म्हणे. आईनं पाटीपुढं उभं राहून विमानाचा नंबर एकेक आकडा करत जुळवला, नव्या दारापाशी गेली, खात्री केली, आणि मगच उभं राहून मोठ्यानं विचारलं की इथं मराठी कुणाला येतं का. अकोल्याची एक मुलगी उठली. तिच्याच मोबाइलवरून बोलली. फोन चालू असतानाच त्या मुलीला विचारत होती, लग्न झालं का गं तुझं. हे लिहितो आहे तेव्हा आई विमानात, समुद्राच्या वर आहे, आणि मला फार शांत वाटतं आहे.

आता जे तुला कुणी सांगितलेलं नाही ते सांगतो. आईलाही माहीत नाही.

मुंबईला आपल्याला आत जाता येत नाही, दारातच निरोप घ्यावा लागतो. आम्ही पोचलो. आई कडेला बाकावर बसली होती, तुझी वहिनी तिच्या नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती, आणि आई तिला सांगत होती की एवढं आवळू नको, मी काय पळायला चाललेय का. तेवढ्यात एक माणूस रिकामी खुर्ची ढकलत माझ्याजवळ आला. चाळिशीचा असेल. मोबाइलमध्ये बघून त्यानं विचारलं, जनाबाई कोण?

अर्जनशेठनी खुर्ची काढलीच नव्हती. किंवा काढून पुन्हा घातली होती. भलेपणानंच. मी नंतर त्यांना विचारलं नाही.

मी त्या माणसाला म्हणालो, नाव चुकून राहिलंय. तो समजुतीनं म्हणाला, काका, राहू द्या ना, सगळेच घेतात. आणि आत्ता काढलं तर पुढचंही जाईल बरं का, तिकडं फ्रँकफर्टलाही कुणी येणार नाही. मग पुन्हा लागणार नाही लवकर.

प्रीती, आईची माझ्याकडं पाठ होती. मी नुसतं गप्प राहिलो असतो तरी झालं असतं. त्यानं पुढं होऊन खुर्ची तिच्याजवळ नेली असती, मागं रांग होती, तू म्हणालीस तसं चारचौघांत ती कदाचित भांडलीही नसती. तू दारात वाट बघते आहेस हेही डोळ्यांपुढं आलं. ते रिकामं झालेलं तुझं मागचं वर्षही आलं. मग मी आईकडं पाहिलं. ती उठून उभी राहिली होती आणि नव्या बुटांत दोन पावलं पुढं, दोन मागं टाकून बघत होती. पदर खोचलेला होता, बांधावर उतरताना खोचते तसा.

माझा घसा मोकळा होता. मी त्या माणसाला म्हणालो, आई चालत जाणार आहे. इथलीही काढा, फ्रँकफर्टचीही काढा, कॅलगरीचीही. त्यानं विचारलं, पक्कं ना? मी म्हणालो, पक्कं. त्यानं काउंटरला फोन लावला, माझ्यासमोर तिन्ही ठिकाणची काढायला सांगितली, आणि कुणा दुसऱ्याचं नाव पुकारत खुर्ची वळवून घेऊन गेला.

तिघांची काळजी घे, आईची, बाळाची आणि स्वतःची. आमचा जीव तिकडंच आहे.

तुझा,
राजेंद्रदादा