झबल्याच्या पानावरची रिकामी जागा

ता. ११ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि भाऊजींना त्यांच्या वाटणीचा वेगळा. आम्ही तिघं बरे आहोत. आईचा गुडघा हवा बघून दुखतो, बाबा गिऱ्हाईक नसलं की दुकानाची काच पुसत बसतात आणि माझी भुणभुण चालूच आहे. फोनवर तू ‘नंतर बोलू’ म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. कागदही तू अर्ध्यावर ठेवशील, पण निदान मला ते कळणार नाही.

आधी कामाचं. आपली ‘शिवण-उसवण’ साइट झकास चालली आहे. भाऊजी म्हणाले होते ना, की एकाच साइटवर दोन जाहिरात कंपन्या घेतल्या तर दोघी मिळून मलाच बाहेर काढतील? त्यांना सांग, दोघी नांदताहेत. जुनीला मी थोरली म्हणते, नवीला धाकटी. काम दोघींचं एकच, पानावरचे शब्द वाचायचे आणि त्यांना साजेशी जाहिरात लावायची. त्यामुळे एकमेकींना पाण्यात बघतात. पण मी दोघींचे नियम शब्द न् शब्द वाचलेत. एका पानावर राहायला बंदी नाहीच. फक्त दोघींच्या जाहिराती सारख्या दिसायला नकोत, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मग काय, थोरलीला उजवीकडे पांढरी चौकट, धाकटीला खाली पिवळी. वरची मोठी जागा आळीपाळीने. दोन जावांना सांभाळतात तसं चाललंय.

आणि एक गंमत. ‘गोल गळा कापायची सोपी पद्धत’ हे तुझं पान आठवतं ना? थोरलीने मला तंबी दिली. हिंसक मजकूर आहे म्हणे, म्हणून त्या पानावरच्या तिच्या जाहिराती बंद. मी हसून हसून लोळले. बाबांना सांगितलं तर ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले की आयुष्यभर गळे कापतोय, अजून एकाचीही तक्रार नाही. धाकटीला मात्र बरोबर कळलं, तिने तिथे कात्र्या लावल्या. पण ‘टाके कसे घालावेत’वर धाकटीचंही डोकं फिरलं. ऑपरेशननंतरच्या मलमपट्ट्या दाखवत बसली, तेव्हा थोरलीने निमूट दोऱ्याची रिळं लावली. एक चुकली की दुसरी सावरते, हे मी दोघींना घेताना तुम्हाला कानीकपाळी ओरडून सांगत होते. गळा कपड्याचा असतो हे थोरलीला लेखी समजावलं आणि तिनेही ऐकलं. हे सगळं मी एकटीने जमवलंय. तुला माझं कौतुक करावंसं वाटलं तर लाजू नकोस.

मध्ये उठून चहा करून आले. मुद्दा वेगळाच आहे आणि मी मघापासून त्याच्याभोवती पिंगा घालतेय.

तू फोनवर म्हणालीस, “बंद कर तो बाजार.” मला वाटलं, भाऊजींनी कान भरले. मीही फणकारले आणि मग तू साइट उघडणंच सोडलंस. गेल्या आठवड्यात आई तिच्या फोनवर काहीतरी वाचत होती. एकदम फोन माझ्या हातात देऊन आत गेली. तुझं झबल्याचं पान होतं. जुन्या मऊ चादरीचं झबलं, तुला दिवस गेलेले असताना तू लिहिलेलं, फोटोत तुझेच हात. उजवीकडे पांढऱ्या चौकटीत पाळणा. खाली पिवळ्यात दुधाच्या बाटल्या. वर मोठ्या अक्षरांत, ‘बाळ येणार? अभिनंदन.’ बाकी सगळ्या पानांवर भांडणाऱ्या दोघींचं इथे मात्र एकमत झालं होतं. त्या शब्द वाचतात ताई, माणूस वाचत नाहीत.

हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आल्यावर तू हेच पाहिलं असणार. घरात एक रिकामा पाळणा होताच, त्यात मी दुसरा आणून ठेवला आणि वर तुला नियम ऐकवत बसले. आपण कुणीच तिचं नाव काढत नाही. तुला त्रास होईल म्हणून आम्ही गप्प, आणि आम्हाला त्रास होईल म्हणून बहुतेक तू. ती थोडेच दिवस होती, पण होती. मला तिची फार आठवण येते. मी तिची मावशी आहे.

त्या पानावरून दोघींनाही काढलंय. साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान ते, त्यामुळे दोघींनी लगेच विचारलं की वरची जागा रिकामी का. दोघींना एकच उत्तर दिलं, जागा धरून ठेवलेली आहे.

कशासाठी ते सांगते. एका नर्सबाईंनी साइटवर लिहिलंय. त्यांच्या वॉर्डात वेळेआधी जन्मलेली बाळं असतात. दुकानातलं लहानात लहान झबलंसुद्धा त्यांना गोधडीएवढं होतं, शिवाय नळ्या असतात म्हणून पुढून उघडणारं हवं. माप आणि बेतायची पद्धत मागितली आहे. मी बाबांना विचारलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, “ते माप माझ्याकडे नाही. तुझ्या ताईकडे आहे.”

वॉर्डाच्या खिडकीशी बसून तू हाताने शिवलंस ते, निळ्या नाड्यांचं. मी बाजूला उभी होते. तिला घातलं तेव्हा अगदी बरोबर बसलं होतं आणि तू माझ्याकडे बघून हसली होतीस.

लिहून पाठव असं मी म्हणत नाही. नको वाटलं तर नको, मी पुन्हा विचारणार नाही. जागा तशीच राहील आणि त्या दोघींना काय सांगायचं ते माझं मी बघते. पण पाठवलंस तर सगळ्यात वर तेच जाईल, आजूबाजूला एकही जाहिरात नसेल. आपण मापांना आकडे देतो. ह्या मापाला आकडा नको. तू हो म्हणालीस तर ह्या मापाला तिचं नाव देऊ.

जागा धरून बसलेली,
तुझी भुणभुण
आणि तिची मावशी