सालीखालची जाळी

आंबी, ता. मावळ
३ ऑगस्ट २०२४

ती. सौ. मानसीताईस,
सुहासचा सा. न. वि. वि.

फोनवर माझी गडबड होते आणि हे नीटच सांगायला हवं, म्हणून लिहितो. स्वराजच्या डोळ्यांचा पिवळेपणा यकृताचा नाही. तुम्हा तिघांच्या रक्ताच्या काचा आमच्या लॅबच्या माधवी मॅडमनी काल भिंगाखाली पाहिल्या. दाजींच्या लाल पेशी चपट्या आहेत, मधे खोलगट. स्वराजच्या बऱ्याचशा गोटीसारख्या गोल. तुझ्याही काही तशाच. घाबरू नकोस. तुझं सौम्य आहे, आणि स्वराजला गोळ्या व तपासणी चालू ठेवायची, असं मॅडम म्हणाल्या.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. लॅबमध्ये मी काचा धुतो, पण काल मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. पेशीची साल म्हणजे चरबीच्या कणांचे दोन थर. प्रत्येक कणाचं डोकं पाण्याकडे, शेपट्या आत, एकमेकांकडे. ना टाका, ना खिळा. पाणी आहे म्हणूनच ते तसे उभे राहतात. एका कागदाच्या जाडीत अशा दहा हजार साली मावतील. थरांत प्रथिनं तरंगतात. काही दारासारखी असतात, कोणाला आत घ्यायचं ते ठरवतात. आणि लाल पेशीच्या सालीखाली प्रथिनांचीच एक जाळी असते, सालीला ठिकठिकाणी बांधलेली. तिच्यामुळे पेशी पोटातल्या प्लीहेच्या बारीक फटीतून मुडपून निघते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तुझ्यात आणि स्वराजमध्ये तो बांध सैल आहे. सालीचे तुकडे गळतात, पेशी गोल होते, फटीत अडकते, फुटते. त्याचाच पिवळा रंग डोळ्यांत उतरतो.

हे बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून येतं. ताई, आपल्या आबांचे पिवळे डोळे आठव. ज्यांनी ते गेले, ते पित्ताशयातले खडेही यातून होतात म्हणे. भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून ते सांगायचे, दारूला शिवलो नाही. आणि आई म्हणायची, डोळं सांगत्यात की. तिला हे सांगू का? तू म्हणशील तसं करीन.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
सुहास


औंढे
८ ऑगस्ट २०२४

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एक वेलांटी चुकशील तर शपथ! तुझ्या दाजींना वाटलं, डॉक्टरांनीच पाठवलंय.

सासूबाईंनी स्वराजला काविळीची माळ घातली होती. ती वाढत बेंबीपर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली, म्हणून त्या खुशीत होत्या. डोळे मात्र होते तसेच. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, आमच्यात असलं न्हाई, तुमच्याकडचं हाय. एरवी मी रुसले असते. या वेळी म्हणाले, हो, माझ्या आबांचं आहे.

आईला सांग. शेवटी शेवटी ती आबांचं ताट पडवीत वाढायची, त्यामुळे तिला फार लागेल. पण आपला माणूस खोटं बोलत होता, हे मनात धरून तिनं म्हातारं व्हावं का? सांगताना जवळ बस. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


आंबी
१७ ऑगस्ट २०२४

ती. सौ. मानसीताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मला वाटलं, मी चुकीच्या क्रमानं सांगितलं. सूप बाजूला ठेवून मग एवढंच म्हणाली, "दाव मला."

काल तिला लॅबमध्ये नेलं. मॅडमनी तुझी काच लावून दिली. एक डोळा मिटायला तिला जमेना, म्हणून मी हातानं झाकला. बराच वेळ पाहत होती. मी हळूच सांगितलं की ताईच्या या गोल पेशी आबांकडून आल्यात, त्या आता स्वराजपर्यंत पोचल्यात.

तिनं विचारलं, "म्हंजी ह्ये तेच हायती?"

मी हो म्हणालो.

ती सरळ झाली. आबा घरात आले की घ्यायची, तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पुन्हा भिंगावर वाकली.

स्वराजला पापा. माझी आठवण असू दे.

तुझा,
सुहास